अंजिराचं बाल्सामिक व्हिनेगर: वर्षभर वापरून झाल्यावर

माझ्या स्वयंपाकघरात सध्या अंजिराच्या बाल्सामिक व्हिनेगरची (मूळचं इटलीतलं, द्राक्षाच्या रसाचं आंबटगोड व्हिनेगर) तिसरी बाटली चालू आहे. स्ट्रॉबेरीची दुसरी संपत आलीय. संत्र्याची पहिलीच अजून अर्धीअधिक शिल्लक आहे. कुठलं किती आवडलं ते यावरूनच कळेल. पण मैत्रिणींपैकी तिघी-चौघींनी माझ्याकडे खाऊन बाटल्या आणल्या आणि आठवड्याभरात "काही जमलं नाही गं" म्हणून फडताळात मागे सारून ठेवल्या, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाटलीत खोट नव्हती, ती कुठे आणि केव्हा घालायची तेवढंच चुकत होतं.

मी मुलुंड पूर्वेला राहते. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक म्हणून काम केलं. माहेर मालवणचं, लहानपण गिरगावात खोताच्या वाडीला लागून. तिथले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, शेजारी इंदयाल हा मांसाचा रस्सा करायचे तेव्हा जिन्यापर्यंत व्हिनेगरचा वास यायचा, त्यामुळे हा आंबटपणा मला कधी परका वाटला नाही. आमच्या घरात मात्र आंबट म्हणजे आमसूल, चिंच, लिंबू आणि कैरी. व्हिनेगर लागायचं ते चायनीज करताना, नाहीतर मिरच्या मुरवायला.

कंपनीचं नाव देत नाही, कारण माझ्याकडच्या तीन चवी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. त्यापेक्षा लेबल कसं वाचायचं ते सांगते, त्याचा उपयोग जास्त होईल.

सुरुवातीला उपनगरातल्या एका दुकानात मला ६५० रुपयांची २५० मि.ली.ची बाटली दाखवून काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, हे पंचवीस वर्षं जुनं आहे." तसं ते असूच शकत नाही. पंचवीस वर्षं मुरलेलं व्हिनेगर असतं, पण ते इटलीतल्या मोदेना आणि शेजारच्या रेज्जो एमिलिया या भागातलं पारंपरिक बाल्सामिक. त्यात फक्त द्राक्षांचा रस असतो, आटवलेला. तो माळ्यावर लाकडी पिंपांत ठेवतात. पिंपं एकापेक्षा एक लहान, ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा वेगवेगळ्या लाकडांची. उन्हाळ्यात माळा तापतो, रस उडतो, हिवाळ्यात निवतो. दर वर्षी लहान पिंपात जेवढी घट येते तेवढी त्याच्यापेक्षा मोठ्या पिंपातून भरून काढतात. असं कमीत कमी १२ वर्षं चालतं, आणि वरच्या दर्जाला २५. मोदेनाचं ते व्हिनेगर १०० मि.ली.च्या ठरावीक बुटक्या, गोल पोटाच्या बाटलीतच विकता येतं आणि त्याची किंमत हजारांत असते. युरोपात २००० सालापासून त्या नावाला संरक्षण आहे.

आपल्याकडे दुकानात दिसतं ते दुसरं. त्यावर "आचेतो बाल्सामिको दी मोदेना" असं लिहिलेलं असतं आणि आयजीपीचा, म्हणजे त्या भागाच्या नावाला असलेल्या युरोपातल्या संरक्षणाचा, निळा-पिवळा शिक्का असतो. हे नाव २००९ पासून संरक्षित आहे. यात द्राक्षाचा आटवलेला रस आणि वाइनचं व्हिनेगर एकत्र करतात, लाकडात निदान ६० दिवस ठेवतात, आणि आम्लता ६ टक्क्यांच्या खाली चालत नाही. रंगासाठी थोडं कॅरामल घालायची परवानगी असते. चांगला, रोजचा माल आहे हा, त्यात कमी लेखण्यासारखं काही नाही.

आणि अंजीर, स्ट्रॉबेरी, संत्रं वगैरे घातलेलं हे तिसरं. फळ मिसळलं की त्याला मोदेनाचं ते नाव लावता येत नाही, म्हणून लेबलवर "काँदिमेंतो" किंवा नुसतं "ड्रेसिंग" असं दिसतं. ते वाचून नकली आहे असं समजू नका. फक्त घटकांची यादी बघा. यादीत जे पहिलं, ते वजनाने सगळ्यात जास्त. द्राक्षाचा रस पहिला असेल तर बाटली गोड आणि दाट, व्हिनेगर पहिलं असेल तर आंबट आणि पातळ. पुढे अंजिराचा रस किंवा गर असं स्पष्ट लिहिलेलं असलं तर घ्यावी. नुसता "फ्लेवर" लिहिलेला असेल तर मी ठेवून देते. मका किंवा आणखी कशाचा स्टार्च दिसला तर ते व्हिनेगर नसून ग्लेझ आहे, ते वरून रेघा ओढायला ठीक. एकदा ऑनलाइन मागवलेल्या बाटलीत मला हेच मिळालं होतं, फोटोत व्हिनेगर आणि आत चिकट, गोड सॉस. परत घेतली नाही त्यांनी.

चवीचं सांगते. अंजिराचं चमच्यात घेतलं तर तळाला काळं आणि कडेला लालसर दिसतं, चमचा तिरका केला की काकवीपेक्षा पातळ पण पाण्यापेक्षा सावकाश उतरतं. जिभेवर आधी गोड लागतं, मग जबड्याच्या मागे, कानाखाली आंबट भिडतं, आणि ते ओसरल्यावर सुक्या अंजिराची, थोडी खजुराची चव मागे राहते. म्हणजे आंबट आणि गोड एकाच थेंबात. आपल्याला ही चव अगदी घरची आहे. आमटीत, भरल्या वांग्यात, अळूच्या फदफद्यात आपण चिंच आणि गूळ घालतो ते याचसाठी. माझ्या डोक्यात हे बसलं तेव्हापासून मला बाटली वापरता यायला लागली: हे बाटलीतलं चिंचगूळ आहे.

पण चिंचगुळासारखं शिजवायचं मात्र नाही. इथेच पहिल्यांदा माझं भरलं वांगं बिघडलं. अर्धा किलो लहान, काटेरी देठाची वांगी आणली होती. दाण्याचं कूट, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, गोडा मसाला, तिखट, बारीक कांदा, असं नेहमीचं सारण केलं आणि लिंबाएवढी चिंच आणि तेवढाच गूळ घालते त्याऐवजी चार चमचे अंजिराचं व्हिनेगर सारणातच कालवलं. वांगी मंद आचेवर झाकून वीस मिनिटं शिजवली. झाकण काढलं तेव्हा घरभर सुंदर वास होता. भाजीत मात्र काही उरलं नव्हतं. नुसती गोडसर, बोथट भाजी.

कारण साधं आहे, आणि मला ते आधीच सुचायला हवं होतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल उडत नाही, कितीही उकळा, भाजीत राहतं. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल वाफेबरोबर उडतं, आणि फळाचा सुवास तर त्याच्याही आधी. घरभर सुटलेला वास म्हणजे भाजीतून निघून गेलेली चव होती.

आता मी असं करते. सारणात चिंचेचा कोळ नेहमीच्या निम्मा. गूळ जवळजवळ नाहीच, शेंगदाण्याएवढा खडा. वांगी पूर्ण शिजली, तेल सुटलं की गॅस बंद. दोन मिनिटं थांबायचं, वाफ जरा बसू द्यायची. मग चहाचे दोन चमचे अंजिराचं व्हिनेगर वांग्यांवर न घालता कडेने, रश्शात सोडायचं, कढई एकदा हलवायची आणि पाच मिनिटं झाकून ठेवायची. चिंच खालून आधार देते, व्हिनेगर वरून. पहिल्या घासाला अंजीर कळत नाही, कुणी सांगितल्याशिवाय ओळखतही नाही. पण वांग्याच्या सालीतला किंचित तुरटपणा आणि तीळ हे एकमेकांशी बोलायला लागतात, आणि भाकरीबरोबर ती भाजी दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी चांगली लागते. यजमानांनी शिळी भाजी मागून घेतली, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

हिशेबही करून बघितला. ६५० रुपयांच्या २५० मि.ली.मध्ये चहाचे पन्नास चमचे. चमचा १३ रुपयांना पडला, भाजीला २६ रुपये. रोजच्यासाठी महाग, रविवारी किंवा पाहुण्यांसाठी परवडतं.

लाल भोपळ्याला अंजिराचं व्हिनेगर फार शोभतं. जाड फोडी सालीसकट लोखंडी तव्यावर तेलात दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजायच्या, मीठ, भरडलेली मिरी, भाजलेले तीळ, आणि ताटात वाढताना वरून एक चमचा. टोमॅटोच्या साराला वाटीमागे चार थेंब, तेही वाटीत. उभा चिरलेला कांदा मंद आचेवर अर्धा तास परतून तपकिरी केला, गॅस बंद केल्यावर त्यात एक चमचा घातलं आणि गरम ज्वारीच्या भाकरीवर लोण्याबरोबर खाल्लं, तर दुसरं काही नको.

मासळीला नको. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ आणि आमसूल आहे, तिथे हा गोडवा घुसला की माशाचा वास उघडा पडतो. अळूच्या फदफद्यातही नको. तिथे चिंच नुसत्या चवीसाठी नसते, अळूची खाज मोडायला लागते आणि ती पानांबरोबर उकळावीच लागते. कोलंबीवर संत्र्याचं घालून बघितलं, वाईट नव्हतं, पुन्हा करावंसंही वाटलं नाही. संत्र्याच्या बाटलीचं एकूण असंच आहे. गाजराच्या कोशिंबिरीत हिंग-मोहरीच्या फोडणीनंतर लिंबाऐवजी चमचाभर घातलं तर छान लागतं, बिटाच्या कोशिंबिरीत त्याहून छान, पण नागपुरी संत्र्याची ताजी साल किसून लिंबू पिळलं तर त्याच्या जवळपास जाता येतं. मग ६०० रुपये कशाला?

गोडाकडे येते, कारण मला यात सगळ्यात जास्त आनंद गोडातच मिळाला. आपल्या गोड पदार्थांत आंबट फारसं नसतं. बासुंदी, शिरा, पुरणपोळी, लाडू, सगळे गोडावर गोड. आंबट चालतं ते श्रीखंडात, आणि स्ट्रॉबेरीच्या व्हिनेगरची जागा तिथेच आहे.

डिसेंबरपासून मुंबईत स्टेशनबाहेर महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचे खोके येतात. वरचा थर लालभडक, खालचा थर पांढऱ्या खांद्यांचा, हे आपण सगळे जाणतो. त्या खालच्या थराचं मी आता हे करते. पाव किलो स्ट्रॉबेरी धुऊन, पूर्ण कोरडी करून, मग देठ काढून चार-चार फोडी. एक मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ, स्ट्रॉबेरीचं व्हिनेगर चहाचे दोन चमचे. हलक्या हाताने कालवून काचेच्या वाडग्यात झाकून ठेवायचं. पाच मिनिटांत काही दिसत नाही. दहा मिनिटांनी फोडींच्या कडा चमकायला लागतात. वीस मिनिटांनी तळाशी गडद लाल पाक साठतो, फोडी मऊ पडतात पण मोडत नाहीत, आणि पांढरे खांदेसुद्धा गुलाबी होतात. वास घ्या, फळ झाडावर आणखी आठवडाभर राहिलं असतं तर जसा आला असता तसा येतो. पाऊण तासापेक्षा जास्त ठेवलं तर लगदा होतो.

गुढीपाडव्याला अर्धा किलो चक्क्याचं श्रीखंड केलं, साखर नेहमीपेक्षा मूठभर कमी, वेलची नाही, जायफळ नाही. वाट्या भरल्यावर प्रत्येकीवर या फोडी आणि चमचाभर लाल पाक. आधी कालवून ठेवायचं नाही, पाणी सुटतं. नात म्हणाली, "आजी, वरचं लाल अजून दे, खालचं पांढरं राहू दे." तिला दोन्ही खायला लावलं.

सासूबाईंनी वाटी हातात घेऊन विचारलं, "हे दारूचं आहे का?" त्या ८४ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना जे आहे ते सांगितलं. द्राक्षाच्या रसाचं आधी किण्वाने मद्य होतं, मग जिवाणू त्या मद्याचं आम्ल करतात, जवळजवळ सगळ्याचं. त्या म्हणाल्या, "मग नैवेद्याच्या वाटीत नको घालूस, माझ्या वाटीत घाल." तेव्हापासून आमच्याकडे तसंच चालतं. उपासाला मीही घालत नाही.

दुधाच्या पदार्थांबाबत मात्र फार जपा. सुनेने एकदा शेवयांची खीर गरम असतानाच वरून चमचाभर स्ट्रॉबेरीचं सोडलं आणि बघता बघता दाणे झाले. पनीर करताना दूध व्हिनेगरनेच फाडतो ना, तेच घडलं. खीर, बासुंदी, रबडी यांत नको, आणि सोलकढीसारख्या नारळाच्या दुधाच्या पदार्थांतही नको. श्रीखंडाचं दूध आधीच आंबट होऊन घट्ट झालेलं असतं, म्हणून त्याला काही होत नाही. मलई कुल्फीवर आणि व्हॅनिला आइस्क्रीमवर चार थेंब चालतात, थंड असतं आणि खाऊन लगेच संपतं. कुल्फीवर अंजिराचं, आइस्क्रीमवर स्ट्रॉबेरीचं.

बिनअंड्याच्या केकमध्ये सोडा फुलवायला व्हिनेगर लागतं, तिथे नातीच्या वाढदिवसाला मी स्ट्रॉबेरीचं घातलं. केक फुलला उत्तम, स्ट्रॉबेरी मात्र ओव्हनमध्येच राहिली. तिथे साधं पांढरं व्हिनेगर वापरा आणि हे केक निवल्यावर वरून ब्रशने लावा. हापूसला यातलं काहीही लावू नका. हापूस पूर्ण आहे. पुरंदरची ताजी अंजिरं मिळाली तर दोन भाग करून, आत चमचाभर चक्का आणि वर अंजिराच्या व्हिनेगरचे दोन थेंब, जेवणानंतर.

यजमानांना मधुमेह आहे, म्हणून हेही लिहिते. व्हिनेगर म्हटलं की साखर नाही असा समज होतो. यात द्राक्षाची साखर असते, फळांच्या चवीच्या बाटल्यांत आणखी असते. लेबलवरचा आकडा बघून, मोजूनच घ्या.

अंजिराची बाटली विकत घ्यायची नसेल तर घरी करता येते, आणि मला ती ऐंशी टक्के जमली. साधं आयजीपी बाल्सामिक ५०० मि.ली. जवळपास अंजिराच्या बाटलीच्याच किमतीत येतं. त्यातलं २०० मि.ली. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घ्या. ॲल्युमिनियम नको, कल्हई गेलेलं पितळ तर अजिबात नको, आम्ल धातू खातं. खिडकी उघडा, पंखा लावा, कारण वाफ नाकाडोळ्यांत जाते आणि ठसका लागतो. मंद आचेवर ठेवलं की आधी मोठे, सैल बुडबुडे येतात. दहा-बारा मिनिटांनी ते बारीक आणि चमकदार होतात, गुळाच्या पाकासारखे. हे दिसलं की समोरून हलू नका, पुढच्या दोन मिनिटांत करपतं. मी निम्मं आटलं की थांबते, कारण निवल्यावर आणखी दाटतं. मग गरम असतानाच त्यात चार सुकी अंजिरं चिरून टाकते, रात्रभर झाकून ठेवते, सकाळी गाळून, दाबून रस काढते. उरलेली अंजिरं फेकू नका, चीज किंवा लोण्याबरोबर पोळीत गुंडाळून खा. आता इथे ॲसिटिक आम्ल उडतं त्याचं काय, असं कुणी विचारेल. उडतंच, म्हणून हे विकतच्यापेक्षा गोड आणि मऊ होतं. भोपळ्यावर, कुल्फीवर मस्त, वांग्यात मात्र थोडं कमी पडतं, तिथे चिंच थोडी वाढवते. ताज्या स्ट्रॉबेरीचं असं करून ठेवू नये. फळाच्या पाण्याने ते पातळ होतं आणि टिकत नाही. ती चव हवी असेल तर विकतच आणावी.

ठेवायला फ्रिज लागत नाही, अंधारं फडताळ पुरतं. पण मुंबईचा पावसाळा आहे, बाटलीचं तोंड प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसा. माझ्या पहिल्या बाटलीला जुलैत झाकणाखाली चिलटं जमली होती आणि तळाशी मुंग्यांची रांग. आणि ओटा जुन्या काळ्या कडाप्प्याचा असेल, आमच्या गिरगावच्या खोलीत होता तसा, तर सांडलेला थेंब त्याच क्षणी पुसा. कडाप्पा चुनखडीचा दगड आहे, व्हिनेगर त्याची चकाकी खातं आणि तो डाग घासून जात नाही.

एकच बाटली घ्यायची तर अंजिराची घ्या, २५० मि.ली.ची, त्याहून मोठी नको. स्ट्रॉबेरीची हंगाम सुरू झाल्यावर, डिसेंबरात घ्या. माझी अजून चार चमचे उरलीय आणि काल स्टेशनबाहेर पहिले खोके दिसले.